पहाटेचे हॉकर सेंटर: तोआ पायोहमधील न्याहारीचे परीक्षण

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेला आहे, त्यामुळे तेथील सूर्योदयाची वेळ वर्षभर फारशी बदलत नाही. मात्र तो सूर्योदय सकाळी ७ च्या आगेमागे होतो. रेखांशाचा विचार केला तर या बेटाची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ७ तास पुढे असायला हवी. १९८२ च्या १ जानेवारीला मलेशियाने आपल्या पश्चिम भागाची घड्याळे पूर्व भागाशी जुळवून घेतली, तेव्हा सिंगापूरनेही त्याच्याबरोबर ८ तासांचा फरक स्वीकारला आणि तेव्हापासून येथील माणसे सूर्याच्या बरीच आधी उठत आली आहेत. शाळा साडेसातला भरतात, कारखान्यांच्या पाळ्या त्याच सुमारास बदलतात, आणि म्हणून येथील वस्तीचे जागे होणे जवळजवळ पूर्णपणे अंधारात, ट्यूबलाइटच्या उजेडात घडते. हे जागे होणे ज्या एका ठिकाणी बसून नीट पाहता येते, त्या हॉकर सेंटरचे, म्हणजे सार्वजनिक खाद्यगाळ्यांच्या आणि त्याला लागून असलेल्या मंडईच्या पहाटेच्या सेवेचे, हे परीक्षण आहे.

मी तोआ पायोह या भागात भाड्याच्या घरात राहते आणि आमच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर असे एक केंद्र आहे. त्याचा इमारत क्रमांक किंवा गाळ्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. माझा विषय एखादा गाळा नसून एक सार्वजनिक सोय आहे, आणि ती थोड्याफार फरकाने या बेटावरच्या बहुतेक वसाहतींत मिळते. नोकरीनिमित्त येथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकजण कुंपणाच्या आतल्या, पोहण्याचा तलाव असलेल्या खासगी संकुलांत घर घेतात, कार्यालयाजवळ जेवतात, शनिवार-रविवारी मॉलमध्ये जातात आणि दोन-तीन वर्षांनी शेजाऱ्यांची ओळख न होताच परत जातात किंवा पुढच्या देशात जातात. त्यांच्यासाठी हे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम या सोयीचे स्वरूप सांगायला हवे, कारण त्याशिवाय तिचे मूल्य कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सिंगापूरच्या रस्त्यांवर हातगाड्या आणि कावडी घेऊन अन्न विकणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. पाणी अस्वच्छ होते, गटारे तुंबत होती आणि रोगराईची भीती कायम होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने या विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने नळ, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि छप्पर असलेल्या केंद्रांत आणून बसवले. विक्रेत्यांना हुसकावून न लावता त्यांना वस्तीच्या मध्यभागी जागा दिली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फेरीवाल्यांच्या प्रश्नावर आपल्याकडे मुंबई-पुण्यात होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आज अशी ११० हून अधिक केंद्रे आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा मानवी अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तोआ पायोह ही तर गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या एचडीबीने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः आखलेली पहिली उपनगरी वसाहत. पूर्वीच्या दलदलीच्या आणि मळ्यांच्या जमिनीवर १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ती उभी राहिली, त्यामुळे तेथे त्या काळी तरुण म्हणून राहायला आलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पहाटे केंद्रावर सर्वांत आधी दिसतात ती हीच माणसे.

साडेचारच्या सुमारास पहिली हालचाल मंडईच्या बाजूला सुरू होते. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरून आणते. पालेभाज्यांचा मोठा भाग मलेशियातून रात्रीच्या ट्रकांनी पुलावरून येतो आणि पासिर पांजांगच्या घाऊक बाजारातून वसाहतींच्या मंडयांत पोहोचतो. मासळीची घाऊक विक्री आणि वाटप जुरोंगच्या मच्छीमार बंदरावर मध्यरात्रीनंतर चालते. आमच्या मंडईतल्या मासळीवाल्यांचा दिवस म्हणूनच वस्ती झोपलेली असतानाच निम्मा झालेला असतो. बर्फाचे खोके ओढत आणले जातात, पांढऱ्या खोक्यांतून मासे काढून उतरत्या फळ्यांवर मांडले जातात आणि बर्फाचे पाणी फरशीवर वाहू लागते. भाजीवाल्या बाया कंगकोंग आणि चाय सिम यांच्या जुड्यांची पिवळी पाने खुडून त्या नीट रचतात. या वेळी ग्राहक जवळपास नसतात, तरी कोणी घाई करत नाही आणि कोणी मोठ्याने बोलत नाही; सर्वांना आपापले काम ठाऊक असते. मला या तासातली ही निमूट शिस्त पाहायला फार आवडते आणि ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी साडेपाचच्या आत पोहोचावे, असे मी सुचवेन.

खाण्याच्या बाजूला पहिला दिवा लागतो तो कोपीच्या गाळ्याचा. येथील कॉफीला कोपी म्हणतात आणि ती आपल्या फिल्टर कॉफीपेक्षा किंवा यंत्रातून काढलेल्या कॉफीपेक्षा पुष्कळच वेगळी असते. बहुधा रोबस्टा जातीच्या बिया साखर आणि मार्गारीन घालून जवळजवळ काळ्या होईपर्यंत भाजतात. ती पूड लांब कापडी गाळणीत घालून उंच चोचीच्या किटलीत उकळत्या पाण्याने गाळतात, तोच अर्क पुन्हा एक-दोन वेळा एका किटलीतून दुसरीत ओततात, आणि मग जाड चिनी मातीच्या कपात हा दाट अर्क, गरम पाणी आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र होते. चव कडवट, जळकट, गोड आणि भरीव असते. आम्लता जवळपास नसते. पहिल्या घोटाला ती फार तीव्र वाटते, परंतु पहाटे पाचला, चाळीस अंशांचा भास होणाऱ्या दमट दिवसाच्या आधीच्या त्या थोड्या गार तासात, तिच्याइतके योग्य पेय मला येथे दुसरे सापडलेले नाही.

ती मागण्याची एक ठरलेली रीत आहे आणि नवख्या माणसाने ती शिकून गेल्यास त्याचे काम फार सोपे होते. नुसते ‘कोपी’ म्हटले की कंडेन्स्ड मिल्क घातलेली मिळते. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. ‘कोपी सी’ म्हणजे बिनगोडाचे आटवलेले दूध आणि साखर घातलेली. शेवटी ‘कोसोंग’ जोडले की साखर वगळतात, ‘सिउ दाई’ म्हटले की गोडी कमी करतात आणि ‘पेंग’ म्हटले की बर्फ घालतात. चहासाठी ‘कोपी’च्या जागी ‘ते’ म्हणावे आणि बाकी सर्व तसेच ठेवावे. मधुमेह असलेल्यांनी ‘कोपी सी कोसोंग’ मागावी, कारण ‘सिउ दाई’ म्हणूनही येणारा कप आपल्या मापाने गोडच असतो. कपाची किंमत दीड डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण शंभर रुपये पडते. शहराच्या मध्यभागातील वातानुकूलित दुकानात एका कॉफीला याच्या चौपट पैसे सहज जातात, आणि चवीच्या बाबतीत तेथे अधिक काही मिळते असे मला वाटत नाही.

कोपीबरोबर काया टोस्ट घ्यावा. नारळाचे दूध, अंडी आणि साखर मंद आचेवर घोटून केलेल्या, पांदानच्या पानाचा सुगंध असलेल्या मऊ मुरंब्याला काया म्हणतात. पांदानचा तो सुगंध शिजणाऱ्या आंबेमोहोर तांदळाच्या वासासारखा असतो, त्यामुळे मराठी माणसाला काया पहिल्याच घासात ओळखीची वाटते. निखाऱ्यावर किंवा जाळीवर भाजलेल्या पातळ पावाच्या दोन कापांमध्ये काया आणि गार लोण्याची जाड चकती घालतात. शेजारी बशीत दोन अर्धकच्ची अंडी फोडून देतात, त्यांवर काळा सोया सॉस आणि पांढऱ्या मिरीची पूड घालून ती चमच्याने खायची किंवा टोस्ट त्यात बुडवायचा. ही न्याहारी रूढ झाली ती दक्षिण चीनमधील हायनान बेटावरून आलेल्या स्थलांतरितांमुळे. ते इतर चिनी गटांपेक्षा उशिरा येथे पोहोचले, ब्रिटिशांच्या घरांत आणि जहाजांवर स्वयंपाकी म्हणून काम करू लागले आणि पुढे त्यांनी आपल्या कॉफीच्या खाणावळी काढल्या. ज्यांना अर्धकच्चे अंडे चालत नाही त्यांनी केवळ टोस्ट घ्यावा. तो एकटाही पुरेसा चांगला असतो.

साडेपाचपासून साडेसहापर्यंतचा तास मला या सेवेचा सर्वोत्तम भाग वाटतो. वृद्ध पुरुष एकेकटे येतात, रोजच्या टेबलाशी बसतात आणि न मागता त्यांच्यासमोर त्यांचा कप येतो. कोणी ‘लिएनहे झाओबाओ’ हे चिनी दैनिक उलगडतो, कोणी ‘स्ट्रेट्स टाइम्स’ वाचतो, कोपऱ्यात कधीतरी ‘तमिळ मुरसु’ही दिसतो. मलय बाईंच्या नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, गाळ्यावर रेडिओ चालू असतो आणि फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, वेळी त्यातून अजान ऐकू येते. सिंगापूरमध्ये १९७० च्या दशकापासून मशिदींचे ध्वनिक्षेपक आतल्या बाजूला वळवलेले आहेत आणि अजान मलय भाषेच्या आकाशवाणीवरून प्रसारित होते, त्यामुळे वस्तीत ती अशी एखाद्या गाळ्याच्या रेडिओवरून, हळू आवाजात येते. जवळपास त्याच सुमारास पलीकडच्या चिनी गाळ्यावर मालक फळीवरच्या छोट्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावून हात जोडतो आणि मगच तवा तापवतो. मोठ्या उमेदीने सांगावे असे सौहार्दाचे कोणतेही भाषण येथे कोणी करत नाही. १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची कमाल मर्यादा सरकारने ठरवून दिलेली आहे. त्या धोरणाची भलीबुरी चर्चा होत असते, परंतु त्याचा एक परिणाम असा की पहाटेच्या या टेबलांवर कोणा एकाच समाजाची सकाळ दिसत नाही.

इमारतींच्या तळमजल्यावर भिंती नसलेली मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. केंद्राच्या बाहेरच्या बाजूच्या टेबलावर बसल्यास समोरच्या इमारतीचा व्हॉइड डेक आणि त्यापुढचा छोटा चौक स्पष्ट दिसतो. सहाच्या सुमारास तेथे दहा-पंधरा वृद्ध स्त्रिया लहानशा ध्वनिक्षेपकावर संगीत लावून हातवाऱ्यांचा संथ व्यायाम करतात. वरच्या मजल्यांवर एकेक स्वयंपाकघराची खिडकी उजळत जाते. बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घालून त्या काठ्या खिडकीबाहेरच्या नळकांड्यांत खोचण्याची येथील जुनी पद्धत आहे, आणि उजाडण्यापूर्वीच पाच-सहा मजल्यांवर असे धुणे लटकू लागते. कोकीळ तर ऋतूची वाट न पाहता जवळजवळ वर्षभर पावणेसहापासून ओरडत असतो. येथील अनेक रहिवाशांना त्याचा त्रास होतो आणि ते तसे बोलूनही दाखवतात. मला मात्र तो आवाज ऐकण्यासाठीसुद्धा लवकर उठावेसे वाटते.

सव्वासहापासून शाळकरी मुले उतरतात. गणवेश, पांढरेशुभ्र बूट, पाठीवर वजनदार दप्तर आणि डोळ्यांत झोप. घरकामासाठी फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाहून आलेल्या तरुणी त्यांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात, आणि त्यांपैकीच काहीजणी परत फिरून चाकाच्या खुर्चीतल्या आजी-आजोबांना घेऊन न्याहारीला येतात. या मुली वृद्धांना चमच्याने कांजी भरवतात, त्यांच्या औषधाच्या गोळ्या काढतात, त्यांच्याशी त्यांच्या होक्किएन किंवा तेओच्यू बोलीतले चार शब्द बोलतात, आणि मग मोबाइलवर स्वतःच्या घरी दोन मिनिटे बोलून घेतात. भारतातून आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हे दृश्य शांतपणे पाहावे असे मला मनापासून वाटते. म्हाताऱ्या आई-वडिलांना मागे ठेवून परदेशात राहणाऱ्या कोणालाही, दुसऱ्याचे आई-वडील सांभाळण्यासाठी स्वतःची मुले मागे ठेवून आलेल्या या बायकांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. येथे साडेसहा वाजतात तेव्हा सांगली-साताऱ्याला पहाटेचे चार वाजलेले असतात, त्यामुळे घरी फोन करण्याची ही वेळ आपली नसते, परंतु फिलिपिन्सची वेळ सिंगापूरचीच असल्याने त्यांची मुले तेव्हा शाळेला निघालेली असतात.

सफाई कामगारांचा उल्लेख राहता कामा नये. वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या टाउन कौन्सिलने नेमलेले बांगलादेशी आणि तमिळ कामगार उजाडण्यापूर्वीच वाटा झाडून काढतात, आणि केंद्राच्या आत टेबले पुसणारे बहुधा स्थानिक वृद्ध असतात. सत्तरीच्या पुढच्या स्त्रीने आपली उष्टी थाळी उचलावी हे मला सुरुवातीला फार जड गेले. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपली थाळी आपणच परत ठेवणे बंधनकारक झाले आहे. आधी समज देतात आणि पुन्हा तसे केल्यास दंड होतो. हलाल आणि इतर थाळ्यांसाठी परतीच्या जागा वेगळ्या असतात, त्या पाहून थाळी ठेवावी. हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो आणि आपल्या मंडळींनी तो नाइलाजाने न पाळता आपलेपणाने पाळावा.

आता खाद्यपदार्थांविषयी अधिक नेमके सांगते. मांसाहारी व्यक्तीला पहाटे येथे उत्तम पर्याय आहेत. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबल नावाची मिरचीची तिखट-गोड चटणी, तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे, काकडी आणि अंडे असा नासी लमाक केळीच्या पानात किंवा तपकिरी कागदात बांधून मिळतो आणि तो मी निःशंकपणे सर्वांत वरच्या जागी ठेवते. चांगल्या गाळ्यावर तो साडेआठच्या आत संपतो. तमिळ मुस्लिम गाळ्यावरचा रोटी प्राता गरम असताना कुरकुरीत आणि पापुद्र्यांचा असतो, पण आधी करून ठेवलेला मिळाला तर चिवट लागतो, म्हणून तव्यावरून थेट घ्यावा. वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या छोट्या वाट्यांवर खारवलेल्या मुळ्याचा खमंग चुरा घातलेले च्वी क्वे मला आवडते, मात्र त्या चुऱ्यात डुकराची चरबी किंवा सुकी कोळंबी असू शकते हे लक्षात ठेवावे.

शाकाहारी व्यक्तीची अडचण येथून सुरू होते आणि ती खरी अडचण आहे. बहुतेक गाळ्यांवर ‘भाजी’ म्हणून मिळणाऱ्या पदार्थाच्या सांबलमध्ये, रश्शात किंवा फोडणीत सुकी कोळंबी अथवा सुके मासे असतात, आणि मांसाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, असा विक्रेत्याचा प्रामाणिक समज असतो. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे बौद्ध शाकाहारी गाळा शोधणे. मोठ्या केंद्रांत असा एखादा तरी सहसा असतो. तेथे मांस-मासळी तर नसतेच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही घालत नाहीत, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरांनाही तो चालण्यासारखा आहे. परतलेल्या तांदळाच्या शेवया, कोबी आणि सोयाबीनच्या पापुद्र्यांचे तळलेले तुकडे अशी तेथील साधी थाळी तीन-चार डॉलरांत पोट भरते. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात आणि त्या दिवशी या गाळ्यासमोर पहाटेपासून रांग असते. दिनदर्शिका पाहून त्या सकाळी जावे. रांगेत उभ्या असलेल्या आजींच्या हातात देवळात नेण्यासाठी फळे आणि फुले असतात, आणि या वस्तीचे धार्मिक जीवन समजून घ्यायला ती रांग फार चांगली जागा आहे.

सेवेच्या वागणुकीबद्दल माझे मत चांगले आहे, परंतु त्याबाबत अपेक्षा नीट ठेवल्या पाहिजेत. येथे हसून स्वागत होत नाही. गर्दीच्या वेळी ‘काय हवे’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर त्वरित द्यावे लागते. वयाने मोठ्या विक्रेत्यांना सर्वजण ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात, आपणही तसेच म्हणावे. रोज येणाऱ्या माणसाला मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत ओळख मिळते; पैसे द्यायच्या आधीच ‘कोसोंग ना?’ असे विचारले जाऊ लागते, सुट्टीवर जाऊन आल्यावर ‘घरी सगळे बरे आहेत का’ अशी चौकशी होते. टेबलावर रुमाली कागदाचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. एकट्या माणसाने अनोळखी व्यक्तीच्या टेबलावर विचारून बसणे अगदी रीतीचे आहे आणि माझ्या या वस्तीतल्या जवळजवळ सर्व ओळखी अशाच झाल्या. पैसे रोख किंवा फोनवरून देता येतात. काही जुन्या गाळ्यांवर अजूनही केवळ रोख चालते, म्हणून खिशात सुटे डॉलर असावेत.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. सात वाजून गेले की उकाडा वाढतो, छताचे पंखे अपुरे पडतात आणि तळणाचा धूर कपड्यांत बसतो, त्यामुळे कार्यालयात जाण्याच्या कपड्यांत बसण्यापूर्वी विचार करावा. मंडईची फरशी ओली आणि निसरडी असते. घसरणार नाहीत अशा चपला घालाव्यात आणि वृद्ध पाहुण्यांना हात धरून न्यावे. साडेसात ते साडेआठ या वेळात नोकरदारांची गर्दी इतकी असते की थांबून बसणे इतरांवर अन्याय होतो. बांधून नेण्यासाठी गरम पदार्थ प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि डब्यांत देतात, ते मला मुळीच पटत नाही. घरून डबा नेल्यास बहुतेक विक्रेते त्यात घालून देतात. केंद्राच्या समोरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर घर घेणाऱ्यांनी साडेचारला लोखंडी दारे वर सरकण्याचा आणि खोके आपटण्याचा आवाज सहन होईल का, याचा आधी अंदाज घ्यावा.

आमच्या केंद्राच्या मंडईत मासळी ताजी असली तरी मराठी स्वयंपाकाची सर्व गरज तेथे भागत नाही. त्यासाठी रविवारी लिटल इंडियातील टेक्का सेंटर गाठावे. सध्याची इमारत १९८२ पासूनची आहे. तिच्यासमोर रस्त्यापलीकडे १९१५ पासून जुनी मंडई होती. तेथे कढीपत्ता, कोवळ्या शेवग्याच्या शेंगा, खवलेला ओला नारळ, केळीची पाने मिळतात, आणि मासळीच्या फळ्यांवर सुरमई ‘तेंगिरी’ या नावाने, पापलेट ‘बावाल पुतेह’ या नावाने आणि बांगडा ‘केंबुंग’ या नावाने शोधल्यास सापडतो. टेक्काची सकाळ अधिक गजबजलेली, अधिक रंगीत आणि आपल्याला अधिक जवळची वाटते. तरीही वस्ती जागी होताना पाहायची असेल तर मी तोआ पायोहलाच पसंती देईन, कारण टेक्काला बेटाच्या सर्व भागांतून माणसे खरेदीसाठी येतात, आणि येथे येणारी माणसे त्याच आठ-दहा इमारतींतून, घरातल्या चपला घालून, खाली उतरलेली असतात.

या सोयीच्या भवितव्याची मला काळजी वाटते. हॉकरांचे मध्यम वय साठीच्या आसपास आहे. पहाटे तीनला उठून बारा-बारा तास उभे राहण्याचे हे काम त्यांच्या शिकलेल्या मुलांना करायचे नाही आणि त्यांना त्यासाठी दोषही देता येत नाही. ग्राहक दीड डॉलरच्या कोपीची किंमत दहा सेंटांनी वाढली तरी नाराजी दाखवतात, साहित्याचे दर मात्र वाढत राहतात. सरकार नवीन केंद्रे बांधते, तरुणांना प्रशिक्षण देते, गाळ्यांसाठी मदत करते, परंतु नव्या विक्रेत्यांपैकी बरेचजण दुपार आणि संध्याकाळची वेळ निवडतात, आणि त्यामुळे पहाटेचे गाळे आधी बंद पडतात. आमच्या केंद्रातल्या, हाताने पीठ वाटून पदार्थ करणाऱ्या एका वृद्ध जोडप्याचा गाळा असाच बंद झाला आणि त्याच्या जागी अकराला उघडणारे दुकान आले. म्हणून मी तेथे किमतीवरून कधी घासाघीस करत नाही, आणि आपल्या लोकांनीही करू नये, अशी माझी विनंती आहे.

जाण्यापूर्वी दिवस पाहून घ्यावा. सोमवारी मंडईतले पुष्कळ गाळे बंद असतात. वर्षातून काही वेळा संपूर्ण केंद्र सफाईसाठी बंद ठेवतात आणि त्याच्या तारखा आधी जाहीर होतात. चिनी नववर्षाच्या सुट्टीत चिनी गाळे अनेक दिवस उघडत नाहीत, ईदच्या सुमारास मलय गाळे आणि दिवाळीला भारतीय गाळे बंद असतात. जून आणि डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत शाळकरी मुले दिसत नाहीत, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने शाळा सुरू असतानाचा मंगळवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस निवडावा, साडेपाचला पोहोचावे, व्हॉइड डेककडे तोंड करून बाहेरच्या रांगेत बसावे आणि साडेसातला नोकरदारांसाठी टेबल रिकामे करून द्यावे.